दुसरी किल्ली

(हंगामाच्या उपासनेनंतर एका सहकारी मंडळीपुढे आमच्या कार्यकर्त्याने केलेले भाषण. माणसांची व पाड्याची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.)



तीन वर्षांपूर्वी याच उपासनेत तुम्ही पाच होड्यांसाठी अर्पण दिले होते. महिला मंडळाने खाद्यपदार्थांची विक्री करून पैसे जमवले होते. शब्बाथ शाळेच्या मुलांनी गल्ले फोडून चिल्लर आणली होती. ती चिल्लर मोजायला मला आणि तुमच्या खजिनदारांना एक तास लागला होता, हे मला चांगले आठवते. त्या पैशांचा हिशेब द्यायला मी आज उभा आहे.

चार होड्या त्या दिवसापासून पाण्यात आहेत. पाचवीही आज पाण्यात आहे, पण मधले सात महिने ती नव्हती. ती चोरीला गेली होती. ही बातमी आम्ही त्या वेळी पत्रकात छापली नाही. चोरी झाली याची लाज नव्हती. त्या चोरीत आमच्याकडून जे घडले, त्याची लाज वाटली. आज ते सगळे सांगतो. ज्यांनी दान दिले त्यांना चांगली बातमी कळते तशी हीही कळायला हवी.

आधी जागा डोळ्यांपुढे आणा. गुजरातमध्ये तापी नदीवर उकाई धरण आहे. ते १९७२ मध्ये पूर्ण झाले. धरण गुजरातचे, पण त्याचे पाणी मागे पसरत नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यापर्यंत येते. त्या पाण्याखाली दोन्ही राज्यांतली गावे गेली, आणि त्यांत राहणारे बहुतेक लोक आदिवासी होते. आमच्या पाड्यावरचे लोक त्यांचीच मुले आणि नातवंडे. ज्या काकांची होडी गेली, ते एकदा मला पाण्याच्या मध्यावर घेऊन गेले होते. वल्हे थांबवून म्हणाले, "सर, इथे खाली आमच्या बाबांचे शेत आहे. बाबा इथे ज्वारी पेरत. मी इथे जाळे टाकतो." जमीन गेली, पाणी आले, आणि त्या पाण्यावर जगायचे तर होडी लागते. होडी नसलेली माणसे ट्यूबवर बसून किंवा थर्माकोलच्या तुकड्यावर झोपून हाताने पाणी मारत जाळी लावतात. वारा उठला की त्यांचे काय होते, ते मी पाहिले आहे. म्हणून आम्ही तुमच्याकडे होड्या मागितल्या होत्या.

होडी अठरा फुटी, फायबरची, निळ्या रंगाची. बसायला आडवी लाकडी फळी, दोन वल्ही. इंजिन नाही. होडी आली त्या आठवड्यात काकांच्या धाकट्या मुलीने, ती तेव्हा चौथीत होती, फळीच्या खालच्या बाजूला खिळ्याने आपले नाव कोरले. नाव दोन अक्षरांचे, आणि खाली "चौथी". काका तिच्यावर खूप रागावले. नवी होडी आणि पोरीने खरवडून ठेवली! मीही तिला दोन शब्द सुनावले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

आता धक्क्याविषयी. आम्ही त्या जागेला धक्का म्हणतो, पण तिथे सिमेंटचा धक्का वगैरे काही नाही. मातीचा उतार आहे, दोन-चार मोठे दगड आहेत आणि एक जुना पळस आहे. होड्या नायलॉनच्या दोरीने त्या पळसाला बांधायच्या, वल्ही आतच ठेवायची आणि घरी जायचे. घर तिथून दहा मिनिटांवर. संध्याकाळी जाळी लावून यायचे, पहाटे काढायला जायचे. तीन वर्षांपूर्वी आम्ही होड्या दिल्या, प्रार्थना केली, नारिंगी झेंडूचे हार घातले, फोटो काढले आणि परत आलो. रात्री होडीची काळजी कोण घेणार, हे आम्ही कोणाला विचारले नाही. कोणी आम्हालाही विचारले नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या आठवड्यात काका पहाटे पाण्यावर गेले तर होडी नाही. बाकी चार आहेत, मधलीच नाही. पहिल्यांदा वाटले, दोर सुटला असेल, वाऱ्याने कुठेतरी काठाला लागली असेल. असे होतेही. म्हणून आधी दोराचे टोक पाहायचे असते. घासून तुटलेला दोर पिंजतो, त्याचे धागे सुटतात. पळसाला राहिलेले टोक सरळ कापलेले होते. कोयत्याचा एकच घाव.

जाळी तर पाण्यातच होती. आत मासे अडकलेले आणि काढायला होडी नाही. शेजाऱ्याने आपले काम आटोपून दुपारी काकांची जाळी काढून दिली. तोवर कटला आणि रोहू पार उतरून गेले होते. व्यापाऱ्याने घेतले नाहीत. त्या दिवशी काकींनी ते मासे पुरून टाकले.

आता माझ्या चुकीकडे येतो.

पाड्यावर एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. वडील नाहीत, आई आणि तो. त्याने दोन वेळा काकांकडे होडी मागितली होती आणि वाट्यावरून त्यांच्यात बोलाचालीही झाली होती. ज्या पहाटे होडी दिसेनाशी झाली, त्याच पहाटे तो पाड्यावरून निघून गेला होता. खरे तर दिवाळी झाली की आमच्याकडचे शेकडो लोक ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात, बारडोलीच्या बाजूला. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ट्रक येतो आणि माणसे जातात. तोही तसाच गेला होता. पण त्या संध्याकाळच्या बैठकीत मला ते दिसले नाही. सगळे गप्प बसले होते. मी म्हणालो, "जो रातोरात गेला, त्याच्या घरी विचारा."

एवढेच एक वाक्य. मी कोणाला झडती घ्या म्हणालो नव्हतो. पण शहरातून येणारा, कागद लिहिणारा, होड्या आणणारा माणूस असे बोलला की त्याचा अर्थ पाड्यावर काय होतो, हे मला कळायला हवे होते. लोक त्याच्या आईच्या झोपडीत गेले. वल्ही लपवली असतील म्हणून त्यांनी कणगी उलटी केली. नागली जमिनीवर सांडली. आई दारात उभी होती. ती रडली नाही आणि काही बोललीही नाही. पुढच्या रविवारपासून ती उपासनेला यायची थांबली.

दुसऱ्या दिवशी मी आणि काका पोलीस ठाण्यात गेलो. समोरच्या माणसाने साधे प्रश्न विचारले. होडीचा नंबर काय? बिल कोणाच्या नावावर? फोटो आहे का? होडी कुठल्या हद्दीतून गेली, काठावरून की पाण्यातून, महाराष्ट्रातून की गुजरातेतून?

एकाही प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते. समुद्रावरच्या मासेमारी नौकांना नोंदणी क्रमांक असतो. आमच्या वल्ह्याच्या होडीवर आम्ही साधा आकडाही रंगवला नव्हता. बिल आमच्या कार्यालयात, पाच होड्या मिळून एका ओळीत आणि संस्थेच्या नावावर. काकांचे नाव त्यावर कुठेच नाही. फोटो होता, आपल्याच पत्रकात छापलेला. त्यात होडी थोडी आणि आम्हीच जास्त. होडीचे पुढचे टोक हारांनी झाकलेले, बाजूला पाहुणे उभे. ही होडी या माणसाची आहे, हे त्या फोटोवरून कोणालाही सांगता आले नसते. आमचा अर्ज ठेवून घेतला गेला, गुन्हा नोंदला गेला नाही, आणि आम्ही परतलो. येताना बसमध्ये काका म्हणाले, "सर, होडी माझी होती ना?" मी हो म्हणालो. पण कागदावर ती त्यांची नव्हती, हे त्यांनाही कळले होते आणि मलाही.

परत आल्यावर एका वकील भगिनीने मला समजावले ते तुम्हालाही सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेक जण खेड्यांत काम करतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, घटना त्या हद्दीत घडलेली असो वा नसो. नोंदलेल्या माहितीची प्रत तक्रारदाराला मोफत मिळायला हवी. ठाण्यात नोंद घ्यायला नकार मिळाला तर तीच माहिती लेखी स्वरूपात टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. आणि विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, तिचे उत्पन्न कितीही असो. हे आम्हाला आधी ठाऊक असते तर त्या दिवशी आम्ही असे रिकाम्या हाताने परतलो नसतो.

फेब्रुवारीत काकींचे भाऊ एका लग्नाला पलीकडच्या काठावर गेले होते. तिथे त्यांना एक हिरवी होडी दिसली. रंग हिरवा, पण दगडाला घासून पुढच्या टोकाचा रंग उडाला होता आणि आतून निळा दिसत होता. त्यांनी निरोप दिला. काका गेले. मी बरोबर होतो. भांडण होईल अशी मला भीती होती.

होडीचा मालक आमच्यासारखाच, जाळे टाकून जगणारा माणूस. तो म्हणाला, "दादा, मी पैसे देऊन घेतली आहे. चोरून नाही आणली." ते खरे होते. एका अनोळखी माणसाकडून त्याने ती स्वस्तात घेतली होती, बिल नाही, कागद नाही. काका शांतपणे म्हणाले, "भाऊ, फळीच्या खाली हात घाल. काय लागते बघ." त्याने हात घातला, मग वाकून पाहिले. रंग वरून मारला होता, फळीची खालची बाजू कोणी पाहिलीच नव्हती. तिथे मुलीचे नाव होते, आणि खाली "चौथी". तो माणूस बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग उठला आणि म्हणाला, "माझी पोरगी तिसरीत आहे."

त्यानंतर रीतसर गुन्हा नोंदला गेला. पंचनामा झाला, त्या माणसाचा जबाब झाला. विकणारा कोण होता ते आजवर कळलेले नाही. आणि होडी? होडी मुद्देमाल झाली. न्यायालयाचा आदेश होईपर्यंत ती आवारात उन्हात पडून होती. फेब्रुवारी ते जून. तारखांना काका चार वेळा गेले. प्रत्येक वेळी एक दिवसाची मजुरी बुडाली, भाड्याचे पैसे वेगळे. पूर्ण उन्हाळा, जेव्हा पाणी उतरते आणि मासा एका जागी येतो, तेव्हा काका दुसऱ्याच्या होडीत अर्ध्या वाट्यावर जात होते आणि काकी रोजंदारीला. तुम्ही दिलेली होडी परत मिळाली, यासाठी मी देवाचे उपकार मानतो. पण त्या हंगामाचे मासे परत मिळाले नाहीत.

आणि तो मुलगा. होडी सापडली त्याच आठवड्यात मी त्याच्या मुकादमाला फोन केला. नोव्हेंबरातच करता आला असता, दोन मिनिटांचे काम होते. मुकादम म्हणाला, त्या रात्री तो मुलगा तीस माणसांबरोबर नवापुरात ट्रकपाशीच होता, संध्याकाळपासून सामान चढवत होता. पहाटे ट्रक सुटला.

मी बारडोलीच्या बाजूला गेलो. ऊसतोड कामगारांचा पडाव शोधून काढला. प्लास्टिकच्या कागदाच्या आणि पाचटाच्या झोपड्या. तो मोळी बांधत होता. मी त्याची माफी मागितली. त्याने मोळी बांधून पूर्ण केली, मग म्हणाला, "सर, मला नका सांगू. आईला सांगा. आणि जिथे बोललात तिथे सांगा."

मी त्याच जागी बैठक बोलावली आणि सगळ्यांसमोर सांगितले की मी चुकलो, मी चौकशी न करता बोट दाखवले. त्याची आई मागे बसली होती. ती उठली आणि एवढेच म्हणाली, "सांडलेली नागली कोण भरून देणार?" ज्यांनी कणगी उलटी केली होती त्यांनी आणि मी मिळून नागली भरून दिली. ती उपासनेला पुन्हा यायला पुढे आणखी दोन महिने लागले. मी तिला बोलवायला गेलो नाही. तो अधिकार मला उरला नव्हता.

बंधुभगिनींनो, आता आम्ही काय बदलले ते सांगतो. त्यातले काही होडी परत येण्याआधीच, बाकीच्या चार होड्यांसाठी सुरू केले होते.

पहिली गोष्ट कागद. प्रत्येक होडीचा कागद आता त्या कुटुंबाच्या नावावर आहे, नवरा-बायको दोघांच्या. मच्छीमार संस्थेच्या वहीत प्रत्येक होडीला एक पान आहे. त्यावर लांबी, रंग, क्रमांक, कुठे ठिगळ आहे, कुठे चरा आहे आणि चारी बाजूंचे फोटो. एका फोटोत मालक होडीशेजारी उभा. पाहुणे नाहीत, हार नाहीत. प्रत घरातल्या पत्र्याच्या पेटीत.

दुसरी गोष्ट खूण. बाहेरून दोन्ही बाजूंना मोठा क्रमांक रंगवला आहे, काठावरून वाचता येईल एवढा. पण बाहेरचा रंग खरवडता येतो, हे आम्ही शिकलो होतो. म्हणून आत एक लपलेली खूणही आहे. कागदावर नाव आणि क्रमांक लिहून तो प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा आणि वरून फायबरचे ठिगळ मारायचे. काढायचे तर होडीच फोडावी लागेल. ती जागा घरच्यांना ठाऊक असते आणि वहीत लिहिलेली असते. कुठे ते मी इथेही सांगणार नाही. ही युक्ती आम्हाला कोणी शिकवली, ते तुम्हाला कळलेच असेल. त्या मुलीला आम्ही दोघांनी बोललो होतो. काकांनी तिची फळी अजून बदललेली नाही.

तिसरी गोष्ट साखळी आणि कुलूप. दोर एका घावात जातो. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेली साखळी आणली. होडीच्या पुढच्या टोकाला आरपार बोल्ट टाकून कडी बसवली, आतून लोखंडी पट्टी दिली आणि नटाच्या पुढचे आटे हातोडीने ठोकून बुजवले, म्हणजे पान्याने उघडणार नाही. प्रश्न होता, साखळी बांधायची कशाला? पळस वरच्या काठावर. उन्हाळ्यात पाणी मागे सरत जाते आणि होडी पळसापासून दूर दूर जाते. जमिनीत रोवलेली पहार चिखलातून उपटता येते. मग पंधरा लिटरच्या तेलाच्या रिकाम्या डब्यात काँक्रीट भरले आणि मध्ये लोखंडी कडी रोवली. असा एक डबा पस्तीस किलोंच्या आसपास भरतो. दोन माणसे तो पाण्याबरोबर पुढे-मागे नेऊ शकतात. असे तीन डबे एकत्र, आणि पाचही होड्या एकमेकींना साखळीने जोडलेल्या. एक न्यायची तर पाच न्याव्या लागतील. कुलपावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवतो आणि पंधरा दिवसांनी तेल सोडतो, नाहीतर पावसात ते गंजून बसते.

इथेही आम्ही एकदा फसलो. जुलैमध्ये एका रात्री पाणी झपाट्याने चढले. साखळी आखूड ठेवली होती. डबा खाली, पाणी वर, आणि साखळीने एका होडीचे टोक खाली ओढून धरले. सकाळी होडीत पाणी भरलेले. चोरापासून वाचवलेली होडी आम्हीच बुडवली असती. तेव्हापासून पावसाळ्यात साखळी लांब सोडतो, कुलूप डब्याच्या बाजूला न लावता होडीच्या बाजूला लावतो, आणि रोज संध्याकाळी एक जण पाणी पाहून येतो.

चौथी गोष्ट, वल्ही घरी न्यायची. वल्ह्याशिवाय होडी म्हणजे नुसता हौद. संस्थेच्या एका होडीला छोटे इंजिन आहे. तेही रात्री घरी येते, आणि त्याचा क्रमांक वहीत लिहिलेला आहे.

पाचवी गोष्ट माणसांची. दर रात्री दोन घरांची पाळी असते. आणि पलीकडच्या काठावरच्या लोकांशी बोलून एक नियम केला आहे: कागद नसलेली होडी कोणी घ्यायची नाही, आणि कोणी विकायला आणली तर दुसऱ्या काठावर फोन करून विचारायचे. हा नियम व्हावा म्हणून सगळ्यांत जास्त धडपड त्या माणसाने केली, ज्याचे पैसे आमच्या होडीत बुडाले.

एवढे सगळे केल्यावर मला वाटले, आता झाले. मग ऑगस्टची ती रात्र आली.

पाड्यावरच्या एका सुनेला कळा सुरू झाल्या. नाल्याला पूर आला होता, रस्ता बंद. १०८ ची गाडी खाडीच्या पलीकडे येऊन उभी राहू शकत होती, पण तिथवर जायला होडीच हवी. आणि पाचही होड्या एका साखळीत, एका कुलपात. किल्ली एकच, ती काकांकडे, आणि काका त्या रात्री नवापुरात. आम्ही इतकी पक्की व्यवस्था केली होती की आमच्या लेकीबाळींनाही होडी मिळेना.

त्या रात्री कुलूप तोडायला कोणी पुढे येईना. एक वर्षापूर्वी काय झाले होते, ते सगळ्यांना आठवत होते. शेवटी तोच मुलगा पुढे आला. उन्हाळ्यात ऊसतोडीवरून परतला होता. त्याने घरून घण आणला आणि अर्ध्या तासात कुलूप फोडले. दोघांनी सुनेला पलीकडे नेले. रुग्णालयात मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत, देवाची स्तुती असो.

पण तो मुलगा होडीबरोबर गेला नाही. तो धक्क्यावर तुटलेले कुलूप हातात घेऊन पावसात बसून राहिला. सकाळी काका आले तेव्हा त्याने ते कुलूप त्यांच्यापुढे धरले आणि म्हणाला, "मी तोडले. होड्या मोजून घ्या."

काकांनी होड्या मोजल्या नाहीत. त्यांनी त्याला घरी नेले, चहा पाजला. त्याच आठवड्यात नवे कुलूप आणले, दोन किल्ल्यांचे. एक काकांकडे. दुसरी कोणाकडे ठेवायची यावर बैठक झाली. मी त्या बैठकीत तोंड उघडले नाही, एवढे तरी मी शिकलो होतो. काकी उठल्या आणि म्हणाल्या, "दुसरी किल्ली त्याच्या आईकडे द्या. तिचे घर पाण्याला सगळ्यांत जवळ आहे." कोणी नाही म्हणाले नाही. आज ती किल्ली त्याच कणगीच्या वर खिळ्याला टांगलेली असते.

१९८६ मध्ये गालील समुद्राचे पाणी दुष्काळामुळे खूप मागे गेले होते. तेव्हा काठाच्या चिखलात दोन मच्छीमार भावांना एक जुनी होडी सापडली. ती साधारण प्रभू येशूच्या काळातली, असे अभ्यासकांनी ठरवले. लांबी आठ मीटरच्या थोडी वर. ती गालीलातच गिनोसार इथल्या संग्रहालयात जपून ठेवली आहे. तिच्यात दहा-बारा जातींची लाकडे सापडली, कारण ती पुन्हा पुन्हा दुरुस्त केलेली होती. जे लाकूड मिळाले ते लावले होते. तिच्या मालकाला नवी होडी घेणे परवडत नसणार. ती कोणाची होती, कोणालाच माहीत नाही. मी ते वाचले तेव्हा मला आमच्या काकांची होडी आठवली: निळी, वर हिरवी, पुन्हा वर निळी, दोन ठिगळे, आणि फळीखाली एक नाव. शिमोनाची होडीही अशीच असेल. प्रभूने ती मागून घेतली होती, आणि शिमोनाने दिली. द्यायला ती त्याच्या ताब्यात होती, हेही महत्त्वाचे.

आता माझी विनंती. तुमच्या पंच कमिटीने आणखी दोन होड्या देण्याची तयारी दाखवली आहे. मी हात जोडून सांगतो, या वर्षी एकच द्या. दुसऱ्या होडीचे पैसे साखळ्या, कुलपे, रंग, वह्या, फोटो आणि तारखांना जाणाऱ्या माणसाचे गाडीभाडे यांसाठी राहू द्या. पाच होड्यांच्या साखळी-कुलपांचा आमचा सगळा खर्च एका होडीच्या किमतीच्या दहाव्या भागाइतकाही झाला नाही. तो आम्ही पहिल्याच वर्षी करायला हवा होता. साखळीसमोर उभे राहून कोणी फोटो काढत नाही, पत्रकात ती दिसत नाही, म्हणून आम्ही ती मागितली नव्हती. आणि नवी होडी द्याल तेव्हा तिचे बिल पहिल्या दिवसापासून त्या घराच्या नावावर असू द्या. "आमच्या मंडळीची होडी" असे कृपया म्हणू नका. ती त्यांची आहे.

प्रार्थनेसाठी तीन विषय देतो. पलीकडच्या काठावरच्या त्या भावासाठी प्रार्थना करा. त्याचे पैसे गेले, आणि तो आता भाड्याच्या होडीत जातो. त्या मुलासाठी करा. तो या दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेला नाही, काकांबरोबर पाण्यावर आहे, आणि त्याच्यावर मुकादमाची जुनी उचल आहे. आणि ज्याने होडी कापून नेली त्याच्यासाठीही करा. तो कोण हे आम्हाला माहीत नाही, आणि आता आम्ही अंदाज करत नाही.

शब्बाथ शाळेच्या मुलांसाठी काकांच्या मुलीने निरोप दिला आहे. ती आता सातवीत आहे. ती म्हणते, तुमच्या पैशांची होडी चांगली आहे, फळीवर अजून जागा आहे, कधी आलात तर तुमचीही नावे लिहू. पण खालच्या बाजूला.